दात पांढरे करण्याआधी आणि केल्यानंतर

लग्नसराई जवळ आली की साड्या, हॉल आणि केटरर यांच्या जोडीला आता आणखी एक विषय निघतो. दात पांढरे करून घ्यावेत का? पूर्वी हा प्रश्न फक्त नवरा-नवरीचा असे. आता वरमाय, मामा, काका सगळेच विचारतात, कारण फोटो सगळ्यांचेच निघतात. मागच्या वर्षी पुतणीच्या लग्नाआधी मीही दातांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. तिथे जे कळले आणि नंतर जे वाचले, विचारले, ते आपल्यासाठी मांडतो आहे. मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. त्यामुळे हा लेख म्हणजे सल्ला नव्हे, डॉक्टरांना काय विचारावे याची तयारी समजा.

माझी गोष्ट आधी

बँकेत असताना जेवणानंतर सुपारीचे खांड तोंडात टाकायची सवय लागली, ती पंचवीस वर्षे टिकली. आपले भोपाळ पान-जर्द्याचे शहर. इथे सुपारीला कोणी व्यसन म्हणतच नाही. मी खुर्चीत बसून म्हटले, "डॉक्टर, महिन्याभरात लग्न आहे, दात पांढरे करून द्या." त्यांनी दातांकडे नंतर पाहिले. आधी जीभ, टाळू आणि दोन्ही गालांच्या आतली बाजू तपासली. डाव्या गालात, जिथे मी सुपारी धरत असे, तिथे एक पांढरट चट्टा होता. तो मला दुखत नव्हता, म्हणून ठाऊकही नव्हता.

"काका, आधी हे बघू. रंगाचं नंतर," असे म्हणून त्यांनी तुकडा तपासणीला पाठवायला सांगितले. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते घरच्यांनाच ठाऊक. सुदैवाने कॅन्सर निघाला नाही. पण सुपारी कायमची बंद आणि दर काही महिन्यांनी तपासणी, असा हुकूम झाला. पुतणीच्या लग्नात मी पिवळ्या दातांनीच हसलो.

मध्यप्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण साधी सुपारी, पान, तंबाखू आणि आपल्या गावाकडच्या काही घरांत अजूनही असलेली मिशेरी, ही सगळी दातांवर डाग पाडतात आणि तोंडाच्या आतल्या कातडीलाही इजा करतात. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, दोन आठवड्यांत न भरणारा फोड किंवा चट्टा असेल, तर दात पांढरे करण्याचा विचार बाजूला ठेवून आधी तपासून घ्या. कर्ज मंजूर करण्याआधी आम्ही कागदपत्रे बघायचो, तसेच हे.

दात पिवळे का होतात?

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. ते थोडे पारदर्शक असते. त्याच्या आत डेंटिन नावाचा थर असतो आणि तो मुळातच पिवळसर असतो. वय वाढते तसे एनॅमल झिजते, आतला पिवळेपणा जास्त दिसू लागतो. म्हणजे साठीतला पिवळेपणा नेहमी अस्वच्छतेचा नसतो.

दुसरा प्रकार बाहेरच्या डागांचा. चहा, कॉफी, हळद, पान आणि तंबाखू यांचे डाग वर बसतात. हिरड्यांजवळ किटण साचते, तेही पिवळे-तपकिरी दिसते. काही दिवस वापरायला दिलेल्या क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशनेही तपकिरी डाग पडतात.

तिसरा प्रकार आतल्या डागांचा. दात आत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, टेट्रासायक्लिन जातीचे औषध घेतले गेले असेल तर दात राखाडी-तपकिरी होतात. पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळेही दातांवर पांढरे किंवा तपकिरी ठिपके येतात. आपल्याकडे झाबुआ आणि धार, तर विदर्भात यवतमाळ आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत हा त्रास आहे. आपल्यापैकी कित्येकांचे बालपण तिकडच्या विहिरींच्या पाण्यावर गेले आहे. असे ठिपके असतील तर नेहमीच्या व्हाइटनिंगने सुरुवातीला पांढरे ठिपके उलट जास्त उठून दिसू शकतात. त्याचे उपाय वेगळे असतात.

म्हणून पहिला प्रश्न हा, की माझे डाग कोणत्या प्रकारचे? बाहेरचे असतील तर नुसत्या सफाईने, म्हणजे स्केलिंग आणि पॉलिशिंगने, बरेचदा काम भागते.

दवाखान्यात नेमके काय करतात?

आधी सफाई, किडलेले दात आणि हिरड्यांचे उपचार. मग दातांचा सध्याचा रंग एका रंगपट्टीशी जुळवून नोंदवतात. हिरड्यांवर संरक्षक थर लावतात. त्यानंतर दातांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचे जेल लावतात. दवाखान्यातले जेल साधारण २५ ते ४० टक्के तीव्रतेचे असते. ते पंधरा-वीस मिनिटे ठेवून पुसतात आणि गरजेप्रमाणे पुन्हा लावतात. पेरॉक्साइड एनॅमलमधून आत शिरते आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे लहान, रंगहीन तुकडे करते. दात खरवडला जात नाही.

दुसरी पद्धत घरी करायची. दातांच्या मापाचा पातळ ट्रे बनवून देतात. त्यात बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल घालून रात्री घालायचा, साधारण दोन आठवडे. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते, म्हणून ही पद्धत हळू पण सौम्य आहे.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. कॅप, फिलिंग आणि कवळी यांचा रंग बदलत नाही. समोरच्या दातावर जुने फिलिंग असेल तर भोवतीचा दात उजळेल, फिलिंग तसेच राहील. ते बदलायचे असल्यास साधारण दोन आठवडे थांबून, रंग स्थिरावल्यावर बदलतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच अठरा वर्षांखालील मुलांनी हे टाळावे.

हे काम नोंदणीकृत दंतवैद्याकडेच करावे. पार्लरमध्ये किंवा प्रदर्शनातल्या स्टॉलवर तोंडाची तपासणी होत नाही. माझा चट्टा तिथे कोणाला दिसला असता?

पहिले दोन दिवस

या काळात दात डाग लवकर पकडतात. आपल्या घरात खरी पंचाईत हळदीची. वरण, आमटी, भाजी, पोहे सगळ्यांत ती असते. मी सूनबाईंना आधीच सांगून ठेवले होते. दहीभात, हळद न घातलेले वरण आणि फुलका, साबुदाण्याची खिचडी, इडली आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, शेवयांची खीर, असे दोन दिवस छान निघाले. चहा-कॉफी, कोकम, चिंच, बीट, जांभूळ आणि रंगीत थंड पेये बंद. धूम्रपान आणि तंबाखू तर अर्थातच नाही.

थंड पाणी लागले की कळ येते, काहींना आपोआपही झिणझिण्या येतात. हे बहुतेक काही दिवसांत थांबते. पोटॅशियम नायट्रेट असलेली, संवेदनशील दातांची पेस्ट उपयोगी पडते. ती उपचाराच्या आधीपासून वापरली तर आणखी बरे. पाणी कोमट प्यावे. कळ वाढतच गेली किंवा एकाच दातात राहिली, तर डॉक्टरांना फोन करा.

नंतरची काळजी

पांढरेपणा कायमचा नसतो. काही महिन्यांपासून एक-दोन वर्षांपर्यंत टिकतो आणि ते सवयींवर ठरते.

- दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, मऊ ब्रशने आणि फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा. जोर लावू नका.
- रात्रीचे घासणे चुकवू नका. झोपेत लाळ कमी होते आणि किडीला मोकळे रान मिळते.
- चहा-कॉफीनंतर साध्या पाण्याने चूळ भरा. दिवसभर घोट-घोट पिण्यापेक्षा एकदाच पिऊन मोकळे व्हा.
- लिंबू सरबत, चिंच, सोडा यांनंतर लगेच ब्रश करू नका. अर्धा तास थांबा, कारण आम्लामुळे एनॅमल तेवढा वेळ मऊ झालेले असते.
- दातांच्या फटी रोज फ्लॉसने किंवा बारीक ब्रशने साफ करा.
- सहा महिन्यांनी तपासणी आणि गरज असेल तर सफाई करून घ्या.

मीठ-लिंबू, खाण्याचा सोडा-लिंबू, कोळशाची भुकटी हे घरगुती उपाय मोबाइलवर रोज येतात. यातले आम्ल एनॅमल विरघळवते आणि भरड पूड ते घासून काढते. चार दिवस दात उजळ वाटतात, पण एनॅमल एकदा गेले की पुन्हा उगवत नाही आणि आतला पिवळा थर आणखी दिसतो.

खर्चाचेही आधी विचारा. सफाई, जेल, ट्रे आणि पुढच्या भेटी यांचा वेगवेगळा हिशोब लिहून मागा. हा सौंदर्याचा उपचार असल्यामुळे आरोग्य विम्यात तो साधारणपणे बसत नाही.

मी लग्नानंतर चार महिन्यांनी, गाल बरा आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यावर, घरच्या ट्रेची पद्धत केली. दात दोन छटा उजळले. सौ. म्हणते, फारसा फरक दिसत नाही. असो. पण अल्बममधला पिवळ्या दातांचा तो फोटो मला जास्त आवडतो, कारण त्याच्या आठ दिवस आधी रिपोर्ट चांगला आला होता.

तेव्हा मंडळी, दात पांढरे जरूर करा. पण खुर्चीत बसल्यावर पहिले वाक्य हे असू द्या, "डॉक्टर, आधी पूर्ण तोंड तपासा." आणि घरात कोणी सुपारी किंवा तंबाखू खात असेल, तर त्यांनाही सोबत घेऊन जा.