माणदेशी पेठेतील दुकानघर : रचना आणि जतन

माणगंगेच्या काठी वसलेले म्हसवड हे सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील जुने बाजारगाव होय. श्रीसिद्धनाथाच्या मंदिरामुळे आणि मार्गशीर्षातील रथयात्रेमुळे ते सर्वपरिचित आहे. अशा बाजारगावांच्या पेठेत 'पुढे दुकान, मागे घर' ही बांधणीची रीत पूर्वीपासून रूढ होती. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७ ते १९०१) तिच्यात काही नव्या वस्तूंची भर पडली. या दुकानघरांची रचना समजून घेतल्याशिवाय त्यांची निगा राखता येणार नाही.

मांडणी

रस्त्यालगत दगडी जोते व त्यावर ओटा असतो. ओट्यामागे दुकानाचा गाळा. खोबणीत एकेक सरकवायच्या लाकडी फळ्या हेच त्याचे दार. सकाळी फळ्या काढल्या की सारी दर्शनी बाजू मोकळी होई. गाळ्याच्या कडेने बोळासारखी वाट आत जाते. पुढे सोपा, चौक, माजघर आणि शेवटी परडे. धान्यासाठी बळद, जिनसांसाठी कोनाडे. गिऱ्हाईक ओट्यावर, व्यवहार गाळ्यात आणि कुटुंब चौकाभोवती, अशी ही विभागणी आहे.

घराचे माप खणांत सांगितले जाते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. छताचा भार तुळयांवरून खांबांवर उतरतो. जाड भिंती मुख्यतः आडोशाचे आणि ऊन अडविण्याचे काम करतात.

माळवद आणि नवे साहित्य

माणदेश हा अवर्षणप्रवण प्रदेश. तेथे उतरत्या छपरापेक्षा सपाट माळवद सोयीचे ठरले. तुळयांवर लाकडी किलचन, त्यावर पाला आणि वर चोपलेली पांढरी माती, असे थर असतात. प्रकाशासाठी व धुरासाठी छतात साणे ठेवलेले असते. पावसाचे पाणी पन्हळीवाटे बाहेर पडते.

१८६० मध्ये लोहमार्ग सोलापूरपर्यंत पोहोचला आणि दूरचे बांधकाम साहित्य या भागाच्या जवळ आले. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला. पुढे मंगलोरी कौले, पन्हळी पत्रे, ओतीव लोखंडाचे कठडे व रंगीत काचा महाराष्ट्राच्या पेठांतून दिसू लागल्या. दर्शनी भाग बदलला, परंतु ओटा, सोपा व चौक हा क्रम कायम राहिला.

धोका कोठे आहे?

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचा भार यांनी असंख्य बळी घेतले. छत गळू लागले की दरवर्षी नवी माती टाकायची, ही सवय त्यास कारणीभूत आहे. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर एक फूट मातीचा थर म्हणजे एक ब्रास माती. तिचे वजन साडेचार टनांच्या घरात जाते. हा भार निमूटपणे वाढत असतो.

दुसरा धोका अलीकडचा आहे. लोखंडी शटर बसविण्यासाठी दर्शनी खांब कापला जातो. भिंत केवळ आडोसा असल्याने खांब गेला की वरचा भार निराधार होतो.

दुरुस्तीची दिशा

जुनी माती उतरवून योग्य जाडीचा थर पुन्हा चोपावा. पावसाळ्यापूर्वी गवत काढून पन्हळी मोकळ्या कराव्यात. तुळयांची भिंतीतील टोके वाळवीसाठी तपासावीत. दगडी भिंतीत दोन्ही अंगे सांधणारे लांब दगड असावेत. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा टाळावा. आतली ओल कोंडून भिंत पोखरली जाते. तेथे माती किंवा चुनाच योग्य. मोठ्या दुरुस्तीपूर्वी अभियंत्याचा सल्ला आवश्यक आहे.

ही कामे खर्चिक नाहीत, पण जाणकार हात दुर्मीळ होत आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एकेका घराचा खणवार आराखडा काढून घ्यावा. पंचायत व नगरपरिषद सदस्यांनी जुन्या सुतार-गवंड्यांची माहिती नोंदवून ठेवावी. धोकादायक घर पाडणे कधी अटळ असते. परंतु पाडण्यापूर्वी छतावरची माती उतरवून पाहिली आणि खांब तपासला, तर अनेक घरे राहत्या माणसांसह सुरक्षित राहू शकतील.