बरे होण्याची इच्छा

दात दुखू लागला की आपण आपणहून डॉक्टरांकडे जातो. दुखणे थांबावे ही आपली इच्छा डॉक्टर गृहीतच धरतात. 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' या आजारात मात्र तसे करता येत नाही. वजन वाढण्याच्या धास्तीने रुग्ण आहार कमी करत जातो, शरीर खंगते. तरीही "मला काही झालेले नाही" असेच तो म्हणतो. हा निव्वळ हट्ट असतो का?

लंडनमधील ल्यूसी सरपेल व सहकाऱ्यांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांना आपल्या आजारालाच दोन पत्रे लिहायला सांगितले होते. एक त्याला मित्र मानून, दुसरे शत्रू मानून. आजार आपला सांभाळ करतो, आयुष्य ताब्यात असल्यासारखे वाटते, असे मित्राला लिहिले गेले. अन्नाचे विचार पाठ सोडत नाहीत, माणसे दुरावली, असे शत्रूला. म्हणजे रुग्णाच्या मनात दोन्ही बाजू असतात. आपण "खा" हीच बाजू लावून धरली, तर त्याच्या वाट्याला "नको" एवढेच उरते. म्हणून जाणकार उपचारक आधी विचारतो, "या आजाराने तुला काय दिले? आणि काय हिरावून घेतले?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रुग्णाच्याच तोंडून आले, तर त्याला वजन येते.

मग ही इच्छा जागी होईपर्यंत थांबावे का? नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने सुमारे निम्म्या आहारावर ठेवले. ते खिन्न व चिडचिडे झाले, माणसांत मिसळेनासे झाले. मनात सतत अन्नाचेच विचार. म्हणजे उपासमारच मनाला जखडते. अशा मनाकडून आधी निर्धाराची अपेक्षा करणे म्हणजे पाय मोडलेल्याला दवाखान्यापर्यंत चालत यायला सांगणे! म्हणूनच किशोरवयीन रुग्णांच्या एका प्रमुख उपचारपद्धतीत जेवणाची जबाबदारी सुरुवातीला आईवडील घेतात. पोषण सुधारते, तसा विचारही मोकळा होऊ लागतो.

वर्गातील एखाद्या मुलीचा किंवा मुलाचा डबा रोज तसाच परत जात असेल, तर चारचौघांत विषय काढू नका. बारीक झाल्याचे कौतुकही करू नका. एकट्याला गाठून "अलीकडे कसं वाटतंय?" एवढे विचारा, ऐकून घ्या आणि पालकांशी बोला. वजन झपाट्याने उतरत असेल किंवा भोवळ येत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवे. तिथे रुग्णाच्या 'हो'ची वाट पाहायची नसते.