मराठवाड्यातील लक्ष्मी : शब्द, विधी आणि व्यवहार

प्रास्ताविक

संपत्तीची देवता म्हणून लक्ष्मी सर्वपरिचित आहे. तथापि मराठी भाषेत, विशेषतः मराठवाड्याच्या लोकजीवनात, 'लक्ष्मी' हा शब्द केवळ एका देवतेचा वाचक राहिलेला नाही. घरात येणारी सून, दावणीची गाय, कोपऱ्यातील केरसुणी, हाती आलेला पैसा आणि गावाच्या शिवेवरील रोगदेवता या सर्वांना हा एकच शब्द लागू होतो. या अर्थविस्तारामागील सूत्र शोधणे आणि त्यातून प्रकट होणाऱ्या सामाजिक विसंगतीकडे लक्ष वेधणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शब्दाचा प्रवास

'लक्ष्मी' शब्दाचा संबंध 'लक्ष्' या धातूशी असून त्याचा मूळ अर्थ 'खूण' वा 'चिन्ह' असा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ७१ व्या सूक्तात हा शब्द येतो, तो धनाच्या नव्हे तर वाणीच्या संदर्भात. जाणत्यांच्या वाणीत शुभ लक्ष्मी वसते, असा तेथील आशय आहे. अथर्ववेदात तर पुण्या आणि पापी अशा दोन्ही प्रकारच्या लक्ष्मींचा निर्देश असून वाईट लक्ष्मीला निघून जाण्यास सांगितले आहे. म्हणजे आरंभी ही खूण शुभही होती आणि अशुभही. पुढे शुभ अंश 'लक्ष्मी' झाला, अशुभ अंश 'अलक्ष्मी' म्हणून वेगळा काढला गेला, आणि या अलक्ष्मीला लक्ष्मीची थोरली बहीण, ज्येष्ठा, मानण्यात आले. मराठीतील 'अक्काबाईचा फेरा' हा वाक्प्रचार याच नात्याची आठवण जपतो. अक्का म्हणजे थोरली बहीण. तिचा फेरा आला म्हणजे घराला दारिद्र्य आले.

शिल्प आणि सण

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) पासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावरील वेरूळ येथे, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी (आठवे शतक) निगडित असलेल्या कैलास लेण्यात प्रवेश करताच समोर गजलक्ष्मीचे भव्य शिल्प दिसते. कमळांच्या तळ्यात बसलेल्या देवीवर हत्ती जलाभिषेक करीत आहेत. येथे नाणी नाहीत, सुवर्णाचा वर्षाव नाही; आहे ते पाणी. अवर्षणाशी सतत झुंजणाऱ्या या प्रदेशात समृद्धीचे हे रूप विशेष अर्थपूर्ण ठरते.

भाद्रपदात मराठवाड्यातील घरोघरी 'महालक्ष्म्या' बसतात. महाराष्ट्राच्या इतर भागांत त्यांना गौरी म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळावर विसर्जन असा हा तीन दिवसांचा क्रम आहे. या दोन बहिणी ज्येष्ठा आणि कनिष्ठा म्हणून ओळखल्या जातात. ज्येष्ठा नक्षत्राशी असलेला संबंध येथे उघड आहे. तरीही जे नाव पुराणपरंपरेत अलक्ष्मीला मिळाले, त्याच नावाची थोरली बहीण येथे धाकटीच्या बरोबरीने माहेरपणाला येते आणि पुरणपोळीचा नैवेद्य स्वीकारते. लोकपरंपरेने थोरलीला दाराबाहेर ठेवले नाही, ही बाब लक्षणीय आहे.

केरसुणी आणि कडकलक्ष्मी

आश्विन अमावास्येच्या लक्ष्मीपूजनात नवी केरसुणी हळद-कुंकू वाहून पुजली जाते. ज्येष्ठेच्या मूर्तिलक्षणांत झाडूचा समावेश आहे. मराठी घरात मात्र अलक्ष्मीला बाहेर काढणारे साधन म्हणून हीच वस्तू स्वतः लक्ष्मी ठरते. ही केरसुणी शिंदीच्या पानांपासून वळण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते. हाताने घडविलेली वस्तू देव्हाऱ्यापाशी आणि घडविणारा हात उंबऱ्याबाहेर, अशी ही व्यवस्था होती. लक्ष्मीआई किंवा मरीआई या रोगदेवतेचा पोतराज अंगावर आसूड ओढीत दारोदार फिरे. त्यालाच 'कडकलक्ष्मी' म्हणतात, आणि याच शब्दाने आज तापट स्त्रीचा निर्देश होतो.

गृहलक्ष्मीचा प्रश्न

विवाहानंतर सून माप ओलांडून घरात येते, लक्ष्मीपूजन होते आणि ती 'घरची लक्ष्मी' ठरते. परंतु घरावर संकट आल्यास तीच 'पांढऱ्या पायाची' म्हटली जाते, आणि वैधव्य आल्यास हळदी-कुंकवातून वगळली जाते. अथर्ववेदातील दोन लक्ष्मींची विभागणी अशा रीतीने जिवंत स्त्रीवर लादली जाते. शिवाय जिला लक्ष्मी म्हणावयाचे तिच्या नावावर जमीन मात्र नसते. ही विसंगती शेतकरी संघटनेने नेमकी हेरली. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास राबविलेल्या 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमात शेतकऱ्यांनी स्वेच्छेने जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करावा, असे आवाहन होते. पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने वारसा कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांप्रमाणे हक्क दिला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, लक्ष्मी ही मुळात 'खूण' असून ती कोणावर उमटवायची हे समाज ठरवितो. लोकपरंपरेने ज्येष्ठेला घरात घेतले आणि केरसुणीला देवत्व दिले. तेवढे औदार्य माणसांच्या बाबतीत मात्र दाखविले नाही. दारात काढलेली लक्ष्मीची पावले सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत पोहोचतील, तेव्हाच 'गृहलक्ष्मी' हा शब्द खऱ्या अर्थाने सार्थ ठरेल.