फाशांवरचे कुंग-फू

हाँगकाँगच्या कुंग-फू चित्रपटांत एकटा नायक दहा जणांना लोळवतो. ती मारामारी टेबलावर बोटभर बाहुल्यांनी खेळता यावी म्हणून इटलीच्या आंद्रेया स्फिलिगोई यांनी ‘अ फिस्टफुल ऑफ कुंग फू’ (२०१४) हे नियमपुस्तक लिहिले.

बाहुली हलवण्यापूर्वी एक, दोन की तीन फासे टाकायचे, हे खेळाडूच ठरवतो. प्रत्येक यशस्वी फाशाला एक कृती मिळते. फसलेले फासे प्रतिस्पर्ध्याच्या पथ्यावर पडतात. समजा, चार किंवा अधिक दान हवे आहे. एका फाशाला यशाची शक्यता दोनात एक. तिन्ही यशस्वी होण्याची आठात एकच! म्हणजे हाव किती धरावी, हे आधी मोजायचे.

पालकहो, हे गणित घरी शिकवायला सापशिडीचे फासेही पुरतात.