सुट्टी आईकडे की बापाकडे?

आपल्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टीचा वार एक नाही. भोसरी-पिंपरीच्या पुष्कळ कारखान्यांना ती गुरुवारी, शाळांना रविवारी. नवरा-बायको एकत्र नांदतात तोवर हे निभावून जाते. ती विभक्त झाली, म्हणजे मात्र हा फरक मुलाच्या अंगावर येतो. 'दर रविवारी बापाने भेटावे' असे कागदावर ठरते आणि त्या रविवारी बाप पहिल्या पाळीला यंत्रापाशी उभा असतो. ती समजते, याला लेकराची माया नाही. तो समजतो, ही मुद्दाम आडवी येते. मूल नवे कपडे घालून दारात बसलेले.

आम्ही उभे आयुष्य मालकांशी करार करण्यात घालविले. बोनसची बोलणी दिवाळीच्या आदल्या रात्री करावयाची नसतात, एवढे त्यातून कळले. मुलांच्या सुट्टीचेही तसेच आहे.

कायदा येथे आडवा येत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 प्रमाणे मुलांच्या ताब्याविषयी दिलेला हुकूम न्यायालय पुढे बदलूनही देऊ शकते. 1890 चा पालक व पाल्य कायदा तर सर्व धर्मीयांना लागू आहे. 2020 साली यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आई-बाप दोघांच्याही प्रेमावर मुलाचा हक्क असतो. दूरच्या पालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलणेही त्यांनी त्यात धरले. तेव्हा शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयातील समुपदेशकापुढे जाताना शिफ्टचा तक्ता खिशात असू द्यावा आणि गुरुवारची संध्याकाळ मागून घ्यावी.

दिवाळीत लक्ष्मीपूजन एका वर्षी आईकडे, दुसऱ्या वर्षी बापाकडे, हे जमते. भाऊबीजेचे तसे नाही. बहीण एका घरी व भाऊ दुसऱ्या घरी वाढत असेल, तर पाळी कोणाचीही असो, त्या दिवशी दोघे एकत्र असलीच पाहिजेत. मे महिन्यात आई मुलाला घेऊन मराठवाड्यात माहेरी जाणार असेल, तर परत कोण आणणार, एस.टी.चे भाडे कोणाचे, कोणत्या तारखेला, हे लिहून ठेवावे. भांडणे होतात ती बहुधा याच बारीकसारीक गोष्टींवर. आणि मूल परतले, की 'तिकडे काय चालले आहे?' हे विचारू नये. लेकराला हेर करणे आम्हांस मारझोडीहून कमी वाटत नाही.

ज्याच्या वाट्याला रिकामे घर येते, त्याचे काय? चाकणच्या खोलीत सणाच्या रात्री एकटा राहिलेला माणूस बाटलीकडे वळतो, हे आम्ही पाहिले आहे. त्याने त्या दिवशी खुशाल जादा पाळी घ्यावी, नाही तर सोबत्याच्या घरी जेवायला जावे.

मे महिन्यात न्यायालयालाही सुट्टी लागते. म्हणून अर्ज करावयाचा तो मार्चमध्येच, शाळेचे वेळापत्रक सोबत जोडून.