बालमनांत दुःखाचें काम काय?



मूल रडूं लागलें कीं आपल्या तोंडून पहिले शब्द निघतात ते ‘रडूं नको’ हेच. मास्तर या नात्यानें मींहि ते वर्गांत असंख्य वेळां उच्चारले आहेत. असें म्हणून आपण मुलाचें नेमकें काय थांबवितों, याचा विचार मला करावयास लावला तो ‘इन्साइड आउट’ या अमेरिकन चित्रपटानें. पिक्सार या संस्थेनें २०१५ सालीं काढलेल्या या चित्रपटांत नट नाहींत. संगणकावर चित्रें घडवून तीं हालतीं-बोलतीं केलेलीं आहेत. दिग्दर्शक पीट डॉक्टर यांची हंसरी मुलगी अकराव्या वर्षाच्या सुमारास अबोल झाली. तिच्या मनांत काय चाललें असेल, या पित्याच्या कुतूहलांतून ही कथा निघाली.

रायली ही अकरा वर्षांची मुलगी आईबापांबरोबर मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्को शहरीं येते. पण खरी कथा घडते ती तिच्या मस्तकांत. तेथें आनंद, दुःख, भय, क्रोध व किळस हीं पांच पात्रें एका यंत्रासमोर उभीं राहून तिचें वागणें चालवितात. भरतमुनींच्या आठ स्थायीभावांपैकीं शोक, भय, क्रोध आणि जुगुप्सा येथें जसेच्या तसे भेटतात, आणि हासाच्या जवळपास आनंद. विस्मयाला मात्र जागा मिळालेली नाहीं. या कामीं पॉल एकमन व डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेण्यांत आला होता.

आनंद व दुःख या दोघी येथें स्त्रीरूपांत आहेत. आपण त्यांना आनंदी आणि उदासी म्हणूं. नव्या शाळेच्या पहिल्या दिवशीं आनंदी जमिनीवर खडूनें वर्तुळ आखते आणि उदासीला त्याच्या आंत उभी राहण्यास बजावते. हें पाहून मी किंचित् ओशाळलों. बाहेर रायलीची आईहि, वडील काळजींत आहेत म्हणून, आपण हंसतमुख राहूं या असेंच मुलीला प्रेमानें सुचविते. माझ्या वर्गांत एकदां वर्षाच्या मध्यास परगांवाहून एक मुलगा आला. तो मान खालीं घालून बसे. ‘हंस पाहूं!’ म्हणतांच तो हंसला. माझें समाधान झालें, आणि पुढें मीं त्याला कांहीं विचारलें नाहीं.

उदासीचें काम काय, हें आनंदीला बिंगबाँगच्या प्रसंगांत प्रथम दिसतें. हा रायलीच्या बालपणींचा काल्पनिक सवंगडी. त्याची लाडकी गाडी विस्मृतीच्या दरींत फेंकली जाते. आनंदी त्याला गुदगुल्या करते, तोंडें वेडावून दाखविते. तो जागचा हालत नाहीं. उदासी नुसती शेजारीं बसते आणि त्याचें ऐकून घेते. तो रडतो आणि उठून चालूं लागतो. गंमत अशी कीं मूळ आराखड्यांत आनंदीबरोबर प्रवासास निघणारें पात्र भय हें होतें. बरेंच काम झाल्यावर डॉक्टर यांनीं तें बदललें.

पुढें आनंदी एक जुनी आठवण न्याहाळते. हॉकीच्या सामन्यांत रायलीचा महत्त्वाचा फटका हुकला होता. ती खिन्न बसली, म्हणूनच आईबाप जवळ आले, आणि मागाहून सवंगडी. दुःख म्हणजे एक प्रकारची हांक आहे. ती दाबली म्हणजे मूल आनंदी होतें असें नव्हे. रायलीच्या मस्तकांतलें तें यंत्र काळवंडून बंद पडतें, आणि ती कशाचेंहि वाटेनासें होऊन घर सोडून बसमध्यें जाऊन बसते. अखेर उदासीच्या हातीं यंत्र येतें तेव्हां ती परतते, मिनेसोटाची आठवण येते असें सांगून आईबापांसमोर रडते. त्यांनाहि आठवण येतच असते. त्या क्षणाची आठवण पिवळ्या व निळ्या अशा दोन्ही रंगांची होते.

२०२४ सालीं निघालेल्या दुसऱ्या भागांत रायली तेरा वर्षांची आहे, आणि चिंता, मत्सर, संकोच व कंटाळा हीं नवीं पात्रें येतात. इतक्या गर्दींत पहिल्या भागाचा नेटकेपणा उरला नाहीं, असें मला वाटतें. तरी चिंता सर्व यंत्र बळकावते आणि स्वतःच त्या वावटळींत अडकून थिजते, तो प्रसंग परीक्षेच्या दिवसांत मुलांजवळ वावरलेल्या कोणासहि ओळखीचा वाटेल.