हिरडस मावळाची माणसे पडद्यावर

भोरच्या पंतसचिवांच्या राजवाड्याला चित्रपटवाल्यांची वर्दळ नवी नाही. त्याच्या चौकांत आणि लाकडी खांबांच्या ओसरीत हिंदी-मराठी चित्रपटांतील कितीतरी सरदार नि जमीनदार नांदून गेले. परंतु ज्या गावाचा वाडा परक्या कथांना एवढ्या औदार्याने उपलब्ध होतो, त्या गावाच्या पंचक्रोशीतील माणसे मात्र पडद्यावर नायकपदाला क्वचितच पोचतात. या दृष्टीने दिग्पाल लांजेकर यांच्या ‘पावनखिंड’ या चित्रपटाची भोर-वेल्ह्याच्या मुलखाला विशेष मातब्बरी वाटावी हे स्वाभाविक आहे. बाजीप्रभू देशपांडे हे भोर तालुक्यातील शिंदचे, हिरडस मावळाचे देशकुळकर्णी. बांदल हे त्याच मावळाचे देशमुख. आणि पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकलेल्या पुत्राची, शिवाजी महाराजांची, वाट ज्या राजगडावर जिजाबाई पाहत होत्या, तो वेल्ह्यातला. त्या तालुक्याचे नावही आता सरकारदप्तरी राजगड असेच झाले आहे.

चित्रपटाची वाट प्रेक्षकांनीही पुष्कळ पाहिली. ‘फर्जंद’ २०१८ साली आला, ‘फत्तेशिकस्त’ नोव्हेंबर २०१९ मध्ये. आणि आरंभी ‘जंगजौहर’ या नावाने जाहीर झालेला हा तिसरा भाग, महासाथीने चित्रपटगृहांना टाळे लावल्यामुळे, लांबत लांबत १८ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. आठ चित्रपटांच्या ‘शिवराज अष्टका’तील हा भाग रूढ अर्थाने पुढचा मात्र नव्हे. ‘फर्जंद’मध्ये कोंडाजी फर्जंद पन्हाळा घेतो तो १६७३ साली; ‘फत्तेशिकस्त’मधील शायिस्ताखानावरचा छापा १६६३ चा; ‘पावनखिंड’ १६६० ची; आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी आलेल्या ‘शेर शिवराज’मधील अफझलखानाचा वध तर १६५९ चा. काळाची ही उलटी चाल कोणी दोष मानील. मला तो दोष वाटत नाही. कीर्तनकार आख्यान लावताना सनावळी कुठे पाहतो? परंतु या चालीचा एक परिणाम असा झाला की प्रत्येक भागाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागले, आणि मागील भागाच्या पुण्याईवर तरून जाण्याची सवलत कोणालाच मिळाली नाही.

या कसोटीवर ‘पावनखिंड’ उतरतो तो मुख्यतः समूहाच्या चित्रणामुळे. चार महिन्यांहून अधिक काळ आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळा आवळून धरलेला, रसदेचा मार्ग बंद, पाऊस तोंडावर, आणि गडावरच्या प्रत्येक माणसाला आपापल्या मरणाची तजवीज करायची आहे, अशा परिस्थितीत शौर्य ही एकट्यादुकट्याची मिरास राहत नाही, हे लांजेकरांनी ओळखले आहे. महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसणारा शिवा काशीद, पालखी वाहणारे भोई, खबर आणणारा बहिर्जी, रायाजी बांदल आणि घरी मागे राहिलेल्या बांदल-देशपांड्यांच्या स्त्रिया यांना येथे केवळ तोंडी लावण्यापुरते स्थान नाही. विशेषतः शिवा काशीदचा प्रसंग, ज्यात मनुष्य आपल्या मरणाकडे जवळजवळ थट्टेच्या सुरात चालत जातो, तो त्यातील संयमामुळे खिंडीतील सगळ्या रणकंदनापेक्षा अधिक काळ मनात राहतो. अजय पुरकरांचा बाजीप्रभू देहाने भव्य आहे; परंतु त्यांचे खरे यश त्या देहात वावरणारा प्रौढ, कुटुंबवत्सल आणि हिशेबी वतनदार दाखविण्यात आहे. चिन्मय मांडलेकर महाराजांच्या भूमिकेत आवाज चढविण्यापेक्षा ऐकून घेण्यावर भर देतात, आणि समीर धर्माधिकारींचा सिद्दी जौहर हा तोलामोलाचा शत्रू वाटतो. वीरकथेत शत्रू जितका मोठा तितका वीर मोठा, हे आपल्या शाहिरांना पूर्वीपासून ठाऊक होते.

दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. पहिला गोंगाटाचा. प्रत्येक प्रवेशाला ढोल, प्रत्येक निर्धाराला घोषणा आणि प्रत्येक वाराला मंदगती, असा शिरस्ता एकदा पडला म्हणजे खरोखरच महत्त्वाचा वार कोणता हे प्रेक्षकाला उमगेनासे होते. संगणकाने उभे केलेले गड आणि दऱ्या तर पुष्कळदा रंगविलेल्या पडद्यासारख्या सपाट दिसतात. मराठी चित्रपटाचा खजिना बेताचाच असतो हे मान्य. परंतु बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला तेव्हा त्यांचा खजिना याहूनही रिकामा होता, आणि उणीव झाकण्याऐवजी युक्तीने तिचाच उपयोग करून घेण्याची परंपरा आपल्याकडे तेव्हापासून आहे. शत्रूच्या छावणीतील विनोदही काही ठिकाणी इतका ढोबळ आहे की जौहरने कमावलेला दरारा त्याच्याच तंबूत खर्ची पडतो.

याहून मोठा दोष भूमीचा. १२ जुलै १६६० च्या रात्री, आषाढातल्या पावसात, सुमारे सहाशे माणसे पन्हाळ्यावरून निघाली आणि पन्नासाहून अधिक किलोमीटरांची वाट तुडवून विशाळगडाकडे धावली. घोडखिंडीत, म्हणजेच पुढे पावनखिंड म्हणून ओळखल्या गेलेल्या खिंडीत, बाजींसह निम्मी मागे राहिली, तर पुढे गेलेल्यांना विशाळगडाच्या पायथ्याशी सुर्वे-दळव्यांचा वेढा फोडावा लागला. या पराक्रमाचा अर्धा भाग तलवारीचा आहे आणि अर्धा पोटरीचा. जो पावसाळ्यात गुंजवण्यातून राजगड चढला असेल किंवा ज्याने रोहिड्याच्या वाटेवर निसरड्या मुरमात पाय रोवला असेल, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मावळ्याचे बळ त्याच्या भूगोलात होते. खिंड अरुंद होती म्हणून तीनशे माणसे फौजेला अडवू शकली. चित्रपटात ही धाव आहे, चिखल आहे. पण थकवा, अंतर आणि चढ यांची जाणीव करून देण्यास दिग्दर्शकाला उसंत नाही, कारण त्याला खिंडीत पोचण्याची घाई आहे. आणि खिंडीत पोचल्यावर मात्र तो इतका रेंगाळतो की महाराज विशाळगडावर पोचल्याची खूण असलेले तोफांचे आवाज ऐकण्यास बाजींइतकेच प्रेक्षकही आतुर होतात.

तिसरी गोष्ट दोष म्हणावी की राहून गेलेली संधी, हे वाचकाने ठरवावे. बाजीप्रभू मूळचे बांदलांच्या पदरचे, आणि हिरडस मावळाच्या बांदलांनी आरंभी महाराजांना विरोध केला होता. रोहिड्यावरील लढाईत कृष्णाजी बांदल पडल्यावर हे सारे मनुष्यबळ स्वराज्याच्या बाजूला आले. म्हणजे एकेकाळी ज्याच्याशी झुंजावे लागले त्याच राजासाठी ही माणसे काही वर्षांनी खिंडीत उभी राहिली. वतनाच्या अभिमानातून स्वराज्याच्या निष्ठेकडे झालेले हे स्थित्यंतर म्हणजे मावळच्या इतिहासाचे मर्म होय. ते कथेच्या मध्यभागी आले असते तर बाजींचे मरण आणखी खोल वाटले असते. याचा उत्तरार्धही भोरच्याच मातीतला आहे. कारीच्या जेध्यांकडे दरबारातील पहिल्या पानाचा मान होता. पावनखिंडीनंतर तो बांदलांना देण्यात आला. ज्या समाजात मानपानावरून पिढ्यान्‌पिढ्या महजर होत, तेथे एका देशमुखाने आपला मान दुसऱ्यासाठी सोडावा, ही घटना शंभर तलवारींच्या खणखणाटापेक्षा नाट्यपूर्ण आहे.

अष्टकात तेच नट पुन्हापुन्हा येतात, याविषयीही थोडे. अंकित मोहन ‘फर्जंद’मध्ये कोंडाजी, येथे रायाजी, पुरकर येथे बाजी आणि पुढे ‘सुभेदार’मध्ये तानाजी. नाटक मंडळीची सवय असलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे खटकत नाही, आणि नटांच्या परस्परपरिचयाचा फायदाही समूहदृश्यांत दिसतो; पण लहान मुलांच्या मनात मात्र साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या निरनिराळ्या वीरांचा एकच चेहरा ठसतो, ही किंमत थोडी नव्हे.

एवढे म्हटल्यावरही, अष्टकातील पहिल्या तीन भागांत मी ‘पावनखिंड’लाच अग्रस्थान देईन, आणि ते त्यातील युद्धासाठी नव्हे, तर युद्धाला निघण्यापूर्वीच्या तासाभरासाठी. भोर-वेल्ह्याच्या पालकांनी तो मुलांना अवश्य दाखवावा. आणि पावसाळा सरताच त्यांना रोहिड्यावर चढवून, शिंद कोणीकडे आणि कारी कोणीकडे, हेही दाखवावे.